शाळाबाह्य

बनशंकरी, बेंगळुरू
१६ जून २०२४

ती. प्रेमामावशी,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घालते, कारण प्रत्यक्षात घालायचा तर आमच्या हॉलमध्ये तेवढी जागा उरलेली नाही. तिथे आता शाळा भरते.

हो, शाळा. आईने तुला फोनवर अर्धं सांगितलं असेल आणि उरलेलं अर्धं पदरचं घातलं असेल, म्हणून मीच लिहिते. रक्षिता आणि ईशान, दोघांनाही मी शाळेतून काढलंय. आता त्यांना घरी शिकवते.

झालं असं. ईशान तिसरीत आला तरी त्याला वाचता येत नाही. अक्षरं सुटी सुटी ओळखतो, पण ती शब्दात एकत्र आली की त्याला ओळख देत नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, की याच्यासाठी वेगळ्या शिक्षिका लागतील, त्यांची फी वेगळी, नाहीतर तुम्ही दुसरी शाळा बघा. आधीच दोघांची फी भरून अभिजीतचा पगार महिन्याच्या मध्यावरच धापा टाकतो. मी तडकून म्हटलं, "मग दोघांचेही दाखले द्या!" मला वाटलं, बाई घाबरतील. बाईंनी चहा संपायच्या आत दाखले छापून हातात ठेवले. मावशी, इतकी तत्पर सेवा त्या शाळेत मला सहा वर्षांत मिळाली नव्हती.

लॅबमधली नोकरीही सोडली. लोकांचं रक्त तपासणं सोपं होतं गं, रक्त उलट प्रश्न विचारत नाही. आता अभिजीत सकाळी मेट्रोने 'पीण्या' भागातल्या कारखान्याच्या ऑफिसात जातो आणि मी ताटावर लाटणं वाजवून शाळा भरवते. पहिल्या दिवशी खालून घरमालकीण जमनाबाई हात जोडून वर आल्या. त्यांना वाटलं, आरती आहे. त्या मराठीच, पण त्यांचं घराणं इथे शहाजीराजांच्या काळापासूनचं, त्यामुळे निम्मं कन्नड बोलतात. "टीचर," म्हणाल्या, "स्वल्प हळू वाजवा की, देव दचकतो."

फळा म्हणजे कपाटाचं दार, काळा रंग दिलेलं. पुस्तकं जुनी, ॲव्हेन्यू रोडवरची. गणिताच्या पुस्तकात आधीच्या मालकाने सगळी उत्तरं लिहून ठेवलीत आणि त्यातली निम्मी चूक आहेत. रक्षिता ती चुकलेली शोधते. तोच आमचा सातवीचा अभ्यासक्रम. विज्ञानात मटकीला मोड आणले. निरीक्षण करायच्या दिवशी मी विसरून उसळ केली. निष्कर्ष: मीठ कमी.

ईशान सकाळी उलट्या करायचा, ते पूर्ण थांबलं. रक्षिता मजेत आहे.

पत्रंच लिहिणार आहे, कारण मुलांचा मराठीचा तास फुकटात होतो. खाली रक्षिताने चार ओळी लिहिल्यात, ईशानने हत्ती काढलाय. पाकीट चिकटवायचं काम रक्षिताचं, ते ती फार जबाबदारीने करते.

तुझी,
प्रांजली (मुख्याध्यापिका, शिक्षिका, शिपाई आणि डबेवाली)


इचलकरंजी
२९ जून २०२४

चि. प्रांजली,

आशीर्वाद. पत्र वाचून हसले. रात्री परत वाचलं, तेव्हा तेवढं हसू आलं नाही.

पहिली-दुसरीच्या वर्गात माझा जन्म गेला, तेव्हा ईशानबद्दल थोडं सांगते. त्याला वाचायला बसवू नकोस. तू वाच, त्याने ऐकू दे. आणि सरकारी दवाखान्यात मुलांच्या तपासणीला ने. काहीजणांच्या डोक्यात अक्षरं वेगळ्या वाटेने शिरतात. ते मूल आळशी नसतं आणि आईही वाईट नसते. तुला दुसरं वाक्य जास्त गरजेचं आहे, म्हणून ते आणखी एकदा वाच.

आता दुसरं. तुझ्या पत्रात ईशान आहे, मटकी आहे, कपाटाचं दार आहे. रक्षिताबद्दल "मजेत आहे" एवढंच. हे तिचं म्हणणं की तुझं?

'मुख्याध्यापिका' शुद्ध लिहिलंस. 'निष्कर्ष' मात्र आधी चुकीचा लिहून, गिचमिड खोडून पुन्हा लिहिलेला दिसतो. असं गिचमिड खोडू नकोस, मुलांना तुझी चूक दिसू दे.

हत्तीला एकच कान आहे. दुसरा ऐकत नसावा. त्याला शाबासकी सांग.

प्रेमामावशी


बनशंकरी
२१ जुलै २०२४

ती. मावशी,

तू म्हणालीस तसं ईशानला दाखवून आणलं. रांगेत पूर्ण दिवस गेला, त्यात आमचा भूगोल, नागरिकशास्त्र आणि कन्नड असे तीन तास झाले. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, बुद्धी छान आहे, वाचनाचीच अडचण आहे, वेळ लागेल, मारू नका, घाई करू नका. मी विचारलं, "आईला औषध काय?" त्या हसल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात माझे विनोद चालत नाहीत.

आता मी वाचते आणि तो ऐकतो. ऐकताना तो हॉलभर कोलांट्या मारतो. मी शिस्त लावायला गेले की म्हणतो, "मी पायांनी ऐकतोय." जमनाबाईंचं छत म्हणजे आमची फरशी. त्यांनी वर येऊन विचारलं, "टीचर, हत्ती पाळलाय काय?"

अभिजीत रविवारी गणित शिकवतो. गेल्या रविवारी 'वेळ, काम, वेग' शिकवताना स्वतःच झोपला. मुलांनी त्याला पांघरूण घातलं आणि एक माणूस किती वेळात घोरू लागतो याचं गणित मांडलं.

आणि तू रक्षिताची काळजी करतेस! ती तर माझा एकमेव गौरवास्पद निकाल आहे. रोज दुपारी आपली आपण पिशवी घेऊन वाचनालयात जाते, पाचला परत येते. शाळेत असताना पुस्तकाकडे ढुंकून बघत नव्हती. येताना चेहरा लालबुंद असतो, इतकी रमते वाचनात. मी कोणाला सांगत नाही, पण आतून मोर झालाय माझा.

तू ये ना इकडे थोडे दिवस. आमची शाळा बघून तुझी हसून हसून पुरेवाट होईल.

तुझी प्रांजली

(याच पाकिटात घडी घातलेला वेगळा कागद)

प्रेमाआजी,

हे आईला माहीत नाही. पाकीट मी चिकटवते म्हणून घालता आलं.

मी वाचनालयात जात नाही. मागच्या गल्लीत सरकारी शाळा आहे. तिथे साडेतीननंतर मुली खो-खो खेळतात. आधी मी बाहेरूनच बघायची. मग एक मुलगी पडली आणि एक खेळाडू कमी झाली, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी जुन्या शाळेच्या संघात होते, म्हणून मला येतं. त्या सगळ्या कन्नड बोलतात, मला पण आता बरंच यायला लागलंय.

मला घरच्या शाळेत आवडत नाही असं नाही. पण दिवसभर ईशान आणि आईच असतात. शाळा सोडायची हे मला शाळेच्या पायऱ्या उतरताना कळलं. मैत्रिणींना 'अच्छा' पण म्हणता आलं नाही.

मी आईला सांगणार होते. पण आई सारखी हसत असते. सगळ्याची गंमत करते. मी सांगितलं तर त्याची पण करेल आणि मग तुला पत्रात लिहील. सांगायला मध्ये जागाच मिळत नाही.

तू सांगू नकोस.

रक्षिता


इचलकरंजी
२ ऑगस्ट २०२४

(जमनाबाईंच्या पत्त्यावर)

चि. रक्षिता,

तुझं पत्र मी माझ्यापाशीच ठेवलं आहे आणि ठेवीन. पण खोटं सांगून रस्त्यावरून जाणं मला पसंत नाही. रोज कुठे जातेस ते निदान जमनाबाईंना सांगून जा. एका मोठ्या माणसाला ठाऊक असायला हवं.

आईला तूच सांगायचं आहेस. तिने गंमत केली तर करू दे, संपेपर्यंत थांब, मग पुन्हा तेच वाक्य म्हण. तुझी आई लहानपणी पडली की रडायच्या आधी हसायची. आम्हाला पुष्कळदा कळायचंच नाही की तिला लागलंय.

प्रेमाआजी


इचलकरंजी
२ ऑगस्ट २०२४

चि. प्रांजली,

आशीर्वाद. ईशानचं ऐकून बरं वाटलं. कोलांट्या मारू दे. जमनाबाईंच्या छतासाठी जुनी सतरंजी अंथर.

रक्षिताला एकदा समोर बसवून विचार, की तुला काय हवंय. विचारल्यावर गप्प बस. ती उत्तर देईपर्यंत काही बोलू नकोस, विनोद तर अजिबात नको.

मी तुझ्या शाळेच्या विरुद्ध नाही. उगाच तसा अर्थ काढशील म्हणून लिहिलं.

प्रेमामावशी


बनशंकरी
१३ ऑगस्ट २०२४

ती. मावशी,

अर्थ काढायचा नाही म्हणालीस, तरी निघाला. सासूबाई विरुद्ध, आई विरुद्ध, शेजारपाजार विरुद्ध. तू एक राहिली होतीस. जन्मभर सरकारी हजेरीपट भरलेल्या माणसाला घरचा फळा पटायचा नाही, हे मला कळायला हवं होतं.

रक्षिताला मी विचारलं. "मजेत आहेस ना?" असं. ती "हो" म्हणाली. झालं समाधान?

या वेळी मुलांनी काही लिहिलेलं नाही. सुट्टी दिली आहे.

प्रांजली


बनशंकरी
८ सप्टेंबर २०२४

ती. मावशी,

मागच्या पत्राबद्दल कान धरते. तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरं केलंस. आता जे घडलं ते सांगते. त्यात मी कशी दिसते ते तूच बघ, मला तर तोंड लपवायला हॉलही पुरेना.

गेल्या मंगळवारी अपूर्णांकांचा तास होता. फळं महाग, म्हणून मी लसूण घेतला. एक गड्डा म्हणजे पूर्ण, पाकळ्या म्हणजे भाग. मुलांना म्हटलं, सोलता सोलता मोजा, संध्याकाळची चटणीही होऊन जाईल. आता चित्र डोळ्यांपुढे आण. फरशीवर लसणाचा ढीग, दोन मुलं मांडी घालून सोलतायत, ईशानच्या अंगात फाटका बनियन. मी विटका गाऊन घालून, डोक्याला तेल थापून, हातात लाटणं घेऊन उभी. ओरडतेय, "हात चालवा!"

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर जमनाबाई आणि त्यांच्यामागे एक सडपातळ गृहस्थ, गळ्यात शिट्टी. मागच्या सरकारी शाळेतले खेळाचे शिक्षक, बसवंत सर. त्यांनी लसणाकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. लाटण्याकडे पाहिलं. मग चप्पल काढून आत आले आणि हात जोडून माझ्याशी इतक्या हळुवारपणे कन्नडमध्ये बोलू लागले, की मला वाटलं, कुणीतरी गेलंय.

माझं कन्नड भाजीपुरतं. मला 'दुड्डु बेडा' एवढंच कळलं, म्हणजे पैसे नकोत. मी म्हटलं, "आम्हीही काही विकत नाही." मग जमनाबाई मध्ये पडल्या.

"सर सांगतात," त्या म्हणाल्या, "अक्का, पोर हुशार आहे. तिला कामाला लावू नका. शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी जेवण देतात. घरात अडचण असली तर आम्ही बघतो, पण पोरीचं नुकसान करू नका."

मावशी, तू आणि तुझ्या शाळेतल्या बाया वीटभट्ट्यांवर फिरून 'शाळाबाह्य मुलं' शोधायच्या, त्यांच्या आईबापांना समजवायच्या. मी तुझ्याबरोबर एकदा आलेही होते. आता मीच त्या आयांच्या रांगेत उभी होते. मी, बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी.

मी भराभर सांगू लागले, की अहो, ही शाळाच आहे, हा फळा आहे. कपाटाचं दार उघडून दाखवायला गेले, तर आतून साड्या खाली आल्या. सरांनी मान हलवली. "सरी, सरी," म्हणाले, जसं आपण आजाऱ्याला 'बरं, बरं' म्हणतो. मग त्यांनी रक्षिताकडे वळून काहीतरी विचारलं आणि तिने उत्तर दिलं. कन्नडमध्ये. सरळ, न अडखळता, मी तिच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या आवाजात. मी जमनाबाईंकडे पाहिलं.

"सर विचारतात, स्पर्धेला खेळणार काय? ती सांगते, आईला विचारा."

तेव्हा मला वाचनालयाचं कळलं. लालबुंद चेहऱ्याचं कळलं. जमनाबाईंना महिनाभर ठाऊक होतं, तुझ्या सांगण्यावरून.

सर गेले. मी काय केलं असेल? हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, "अगं, हे प्रेमामावशीला लिहायलाच हवं!"

रक्षिता उठली. हातातला लसूण खाली ठेवला. "लिही," म्हणाली. "सगळं लिही. तुला पत्रासाठीच हवं असतं ना सगळं."

"अगं, गंमत गं…"

"तू पायऱ्या उतरताना पण हसत होतीस. आमचा दाखला हातात होता आणि तू हसत होतीस. ईशानला वाचता येत नाही म्हणून माझी शाळा गेली आणि तू मला विचारलं पण नाहीस."

ईशान म्हणाला, "सॉरी ताई." बस, एवढंच. आठ वर्षांचं पोर. मग माझं हसू जे थांबलं, ते त्या दिवशी परत आलं नाही.

त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसले. तू सांगितलं होतंस तसं विचारलं, "तुला काय हवंय?" आणि गप्प बसले. मावशी, ते गप्प बसणं! माझ्या ओठांवर पाच-सहा विनोद येऊन गेले, ते मी गिळले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "शाळा. ती मागची. जुनी नको, तिथे आता सगळ्यांचे ग्रुप झाले असतील." मी म्हटलं, "मी तुला विचारलं नाही. चुकलं माझं." यात विनोद नव्हता आणि ती तो येतोय का म्हणून वाट बघत होती. नाही आला, तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

तुझ्यावर एक पूर्ण दिवस रागावले होते. तुला ठाऊक होतं आणि तू सांगितलं नाहीस! मग तुझी पत्रं काढून वाचली. तू दोन्ही वेळा तेच विचारलं होतंस. मीच ऐकलं नव्हतं, ना कानांनी, ना पायांनी.

प्रांजली


इचलकरंजी
१७ सप्टेंबर २०२४

चि. प्रांजली,

वीटभट्टीवरच्या त्या आया वाईट नव्हत्या. आम्ही जायचो तेव्हा त्याही आधी हसायच्याच.

अभिजीत काय म्हणतो? आणि ईशानला विचारलंस का? एकाला विचारून दुसऱ्याला राहू देऊ नकोस.

प्रेमामावशी


बनशंकरी
६ ऑक्टोबर २०२४

ती. मावशी,

रक्षिता शाळेत जायला लागली. अभिजीत आधी तयार नव्हता. "सरकारी शाळेत? ऑफिसात काय सांगू?" म्हणाला. मी म्हटलं, "तू स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलास, ते ऑफिसात काय सांगितलंयस?" "विचारलंच नाही कोणी," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तोच नाव घालायला गेला. परत आला तो खुशीत. बसवंत सरांनी त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला म्हणे. बिचाऱ्यांना अजून वाटतं, त्यांनी एक पोर लसणाच्या धंद्यातून सोडवलं. मी तो गैरसमज दूर करत नाही. फार खोटाही नाही तो.

पहिल्या दिवशी ती फाटकातून आत गेली आणि मागे वळून पाहिलं नाही. मी घरी येऊन ताट वाजवलं, प्रार्थनेला ईशान एकटाच उभा होता. इकडे तिकडे बघून म्हणाला, "आई, आता वर्गात माझा पहिला नंबर."

आता ती रोज येऊन मला कन्नड शिकवते आणि तुझ्यासारख्या चुका काढते. फक्त मैदानावर यायला मला बंदी आहे. गेल्या आठवड्यात गेले होते. ती धावायला उतरताच बाद झाली, तेव्हा मी "बाद नाही! बाद नाही!" असं मराठीत ओरडले. तिथे एकही माणूस मराठी नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "आई, तू आलीस की सगळे तुझ्याकडे बघतात, माझ्याकडे नाही." त्यानंतर गेले नाही. चारला घड्याळ बघते आणि चहा ठेवते.

ईशानला विचारलं. समोर बसवून, "तुला काय हवंय?" तो म्हणाला, "विचार करून सांगतो." दोन दिवस कोलांट्यासुद्धा मारल्या नाहीत, मी घाबरले. तिसऱ्या दिवशी भात कालवताना म्हणाला, "शाळा घरचीच हवी. पण बाई बदला."

मी म्हटलं, "का रे? काय वाईट आहेत बाई?"

"बाई चांगल्या आहेत. पण मला वाचता आलं नाही की त्या मोठ्याने हसतात आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात."

मी समजत होते, नळाचा आवाज पुरेसा मोठा असतो.

तेव्हा मावशी, पद रिकामं झालेलं आहे. विद्यार्थी एक. कामाची वेळ विद्यार्थ्याच्या मर्जीवर. पगार नाही. लॅबवाले मला अर्ध्या दिवसासाठी परत बोलावतायत, त्यामुळे घरात भाजी बरी येईल. अनुभवी उमेदवारास प्राधान्य. हे मी गमतीत लिहिलंय, कारण मला दुसऱ्या कशात लिहिता येत नाही, पण ही गंमत नाही. तू ये. मला जमत नाहीये.

प्रांजली


इचलकरंजी
१४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रांजली,

अर्ज केलेला नसताना नेमणूक झाली, हे माझ्या नोकरीत प्रथमच घडतं आहे.

दसरा झाला. दिवाळी तुमच्याकडे करून तिथेच राहीन म्हणते, ईशान वाचायला लागेपर्यंत किंवा तुम्ही कंटाळेपर्यंत. मिरजेहून गाडीचं तिकीट काढलं आहे. सतरंजी इथून आणते, तुझी पातळ असणार.

अटी दोन. पहिली, शाळा चालू असताना पालकांनी लॅबमध्ये असावं. घरी येऊन रडायचं असेल तर रडावं, नळ न सोडता.

दुसरी पगाराबाबत. फुकट काम मी करणार नाही. रोज चार वाजता मला खो-खो पाहायला न्यायचं. तुमच्याकडच्या गाड्या मला ठाऊक आहेत. रस्ता ओलांडायला हाताला धरणारं माणूस लागेल आणि त्या वेळी घरात तूच असशील. तुला बंदी आहे, हे लक्षात आहे. म्हणून जमनाबाईंच्या फोनवर रक्षिताला मी स्वतः विचारलं.

तिने बराच वेळ विचार केला. मी गप्प होते.

मग म्हणाली, "चालेल. येऊ दे. ओरडली तरी चालेल, पण कन्नडमध्ये ओरडायचं."

प्रेमामावशी